कपड्यांचं गोदाम, ऑटोमेशन आणि दुकानापर्यंतची वाहतूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, भिवंडीतले कपड्यांचे ब्रँड, दुकानांच्या साखळ्या आणि घाऊक व्यापारी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गोदामाचं ऑटोमेशन म्हणजे नेमकं काय? रोबोट लागतातच का?

नाही. कुठला माल कुठे ठेवलाय, किती आहे आणि कुठल्या दुकानाला जायचाय, हे माणसाच्या आठवणीवर न ठेवता यंत्रणेकडे दिलं की ऑटोमेशन सुरू झालं. पहिली पायरी हातातला स्कॅनर आणि गोदामाचं सॉफ्टवेअर, म्हणजे डब्ल्यूएमएस. त्यानंतर दिव्यांची मांडणी (प्रश्न ५), मग कन्व्हेयर (माल पुढे नेणारा पट्टा) आणि सॉर्टर (दुकानागणिक माल वेगळा करणारं मशीन, प्रश्न ६), आणि सगळ्यात शेवटी फिरते रोबोट.

कपड्यांमध्ये खरी डोकेदुखी वजनाची नसते, प्रकारांची असते. ४०० डिझाइन, प्रत्येकी ४ रंग आणि ६ साईज धरल्या की ९,६०० वेगळे प्रकार झाले. त्यातले बरेच पुढच्या सीझनला बादही होतात. त्यामुळे औषधांच्या किंवा बिस्किटांच्या गोदामात छान चाललेली मशीन बघून ऑर्डर देऊ नका.

२. आमची बारा दुकानं आहेत, रोज हजार-दीड हजार पीस निघतात. आम्हाला काय घ्यावं लागेल?

तीन-चार हँडहेल्ड स्कॅनर, एक चांगला लेबल प्रिंटर, डब्ल्यूएमएस आणि रॅकच्या खणांना पत्ते (प्रश्न ३). एवढंच. कोणी कन्व्हेयर विकायला आला तर चहा पाजून परत पाठवा.

३. सुरुवात कुठून करायची? आधी मशीन की आधी सॉफ्टवेअर?

आधी आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या प्रकारांची सिस्टिममधली मूळ यादी. तो कच्चा असेल तर महागडं मशीन चुका फक्त जास्त वेगाने करेल. क्रम असा ठेवा:

१. प्रत्येक डिझाइन-रंग-साईजला एकच कोड. 'नेव्ही', 'नेव्ही ब्लू' आणि 'एन. ब्लू' हे तीन रंग मास्टरमध्ये असतील तर आधी एक करा.
२. प्रत्येक प्रकाराचं पॅकिंगसकट वजन आणि लांबी-रुंदी-जाडी मोजून भरा. सगळे हे टाळतात आणि पुढे खोका कितीचा लागेल हे सॉफ्टवेअरला कळत नाही.
३. रॅकच्या प्रत्येक खणाला पत्ता आणि बारकोड द्या. ओळ, उभा कप्पा, मजला, खण: उदाहरणार्थ ०३-१२-बी-०४. पत्ता डोळ्यांच्या उंचीवर लावा. वरच्या मजल्यांचे पत्तेही खालीच, बाण दाखवून.
४. आवक, रॅकवर चढवणं, उचलणं, पॅकिंग, गाडीत भरणं. माल हातातून हातात जाईल तिथे प्रत्येक वेळी स्कॅन.
५. हे दोन महिने चालू द्या आणि मग आकडे पाहा. वेळ कुठे जातो ते तेव्हा दिसतं, आणि बहुतेक वेळा तो मालकाला वाटत होता तिथे जात नसतो.

४. बारकोड सगळ्या पिसांवर आहे, तरी स्कॅन का होत नाही?

कारणं ठरलेली आहेत. पूर्ण आकारात ईएएन-१३ (मालावरचा नेहमीचा १३ आकडी) बारकोड दोन्ही बाजूंची रिकामी जागा धरून ३७.२९ × २५.९३ मिमी असतो आणि ८० टक्क्यांपेक्षा लहान छापायचा नसतो. जागा वाचवायला डिझायनर तो ६० टक्क्यांवर आणतो, किंवा कडेच्या रिकाम्या जागेत एमआरपी घुसवतो. ही मोकळी जागा डावीकडे सर्वांत बारीक रेघेच्या ११ पट आणि उजवीकडे ७ पट हवी. लाल बारकोड तर कधीच छापू नका. लाल प्रकाशाच्या स्कॅनरला लाल रेघा दिसतच नाहीत.

दुसरं कारण पॉलीबॅग. टॅगवरचा बारकोड पिशवीच्या सुरकुतीखाली गेला की हातातला स्कॅनर कसाबसा वाचतो, पण बेल्टवरचा चकाकीमुळे सोडून देतो. सॉर्टर घेणार असाल तर पिशवीच्या सपाट बाजूला वेगळं लेबल लावायची अट पुरवठादाराच्या ऑर्डरमध्येच लिहा. तिरुपूरहून किंवा लुधियानाहून आलेल्या मालाला भिवंडीत बसून लेबलं लावणं म्हणजे एकाच कामाची मजुरी दोनदा देणं.

जाता जाता: ८९० ने सुरू होणारा नंबर जीएस१ इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेने दिलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ. माल भारतात बनला असं त्यावरून ठरत नाही.

५. पुट-टू-लाईट म्हणजे काय? ते कसं चालतं?

चाळीस दुकानांची मागणी आहे. दुकानागणिक रॅकवर फिरण्याऐवजी सगळ्यांची मिळून मागणी एकदाच उचलायची, म्हणजे निळा एम साईजचा शर्ट एकूण ६५ नग. मग ते वाटपाच्या भिंतीपाशी आणायचे. तिथे प्रत्येक दुकानाचा खोका, वर दिवा आणि आकडा. पीस स्कॅन केला की ज्यांना हवा त्यांचेच दिवे लागतात. तेवढे नग टाकायचे, बटण दाबून दिवा विझवायचा.

बिघडतं ते माणसाच्या हातात. दिवा '२' दाखवतो, एक टाकून बटण दाबलं जातं. किंवा माल शेजारच्या खोक्यात जातो. यावर उपाय तीन. दोन खोक्यांमध्ये उभी फळी ठेवा. एका स्कॅनला एकच नग, हा नियम महागड्या मालाला तरी लावा. आणि वाटप संपल्यावर हातात पीस उरला किंवा कमी पडला तर तिथेच थांबून त्या प्रकाराचे सगळे खोके तपासा. उरलेला पीस गुपचूप रॅकवर परत गेला की कुठल्यातरी दुकानातून आठवड्याने तक्रार येणार, आणि तोवर माग लागत नाही.

भिंत लावताना जास्त माल जाणारी दुकानं कमरेच्या उंचीवर ठेवा. नावांच्या अकारविल्हे क्रमाने लावू नका.

६. सॉर्टर कधी परवडतो आणि कोणता घ्यावा?

हिशोब स्वतःच्या आकड्यांवर करा. समजा वाटपावर एक माणूस तासाला २५० पीस करतो आणि प्रत्यक्ष काम ७ तास होतं, म्हणजे दिवसाला १,७५०. रोज १२,००० पीस असतील तर सातच माणसं लागतात. तिथे सॉर्टर बसवणं हौस झाली. ६०,००० पीस असतील तर चौतीस-पस्तीस माणसं, शिवाय त्यांच्यावर देखरेख. तिथे कागद-पेन काढायला हरकत नाही. मात्र हिशोब वर्षाच्या सरासरीवर मांडा. दिवाळीच्या पंधरा दिवसांसाठी मशीन घेतलं तर उरलेलं वर्षभर ते फक्त जागा अडवतं.

क्रॉसबेल्ट सॉर्टरमध्ये मशीनवर फिरणाऱ्या प्रत्येक छोट्या गाडीवर स्वतःचा छोटा पट्टा असतो. पिशवीतले कपडे, खोके, चपला सगळं चालतं, पण किंमत जास्त. टिल्ट-ट्रेमध्ये थाळी कलते आणि माल घसरतो. गुळगुळीत पॉलीबॅग वळणावर आपोआप घसरण्याचा धोका इथे असतो. बॉम्ब-बे सॉर्टरमध्ये थाळीचा तळ उघडतो आणि पीस सरळ खालच्या खोक्यात पडतो. घडी घातलेल्या हलक्या कपड्यांसाठी हा सोयीचा आणि कमी जागेत बसणारा. काचेची बाटली किंवा परफ्यूमचा गिफ्ट-सेट त्यावर सोडू नका.

तिन्हींत एक शत्रू सारखाच: पॉलीबॅगचं न चिकटवलेलं तोंड. सुटी पट्टी दोन बेल्टांच्या फटीत ओढली जाते आणि लाईन थांबते.

७. आरएफआयडी घेतलं की मोजणी शंभर टक्के बरोबर येते, हे खरं का?

नाही, पण मोजणीचा वेळ खूपच कमी होतो. बारकोड सांगतो 'हा निळा एम शर्ट आहे'. आरएफआयडी टॅग रेडिओ लहरींनी दुरून वाचला जातो आणि त्यात प्रत्येक नगाचा वेगळा क्रमांक असतो, त्यामुळे एकच पीस दोनदा मोजला जात नाही आणि खोका न उघडता आतलं कळतं.

न वाचण्याची कारणं: धातूची झिप किंवा बटण टॅगला चिकटून असणं, फॉइल प्रिंट, धातूची जर, आणि सपाट घडीतले टॅग एकावर एक नेमके बसणं. दाट भरलेला जीन्सचा खोका सगळ्यात त्रासदायक. उलट चूकही होते: शेजारच्या डॉकवरचा (गाडीत माल चढवण्या-उतरवण्याच्या ओट्यावरचा) माल तुमच्या टॅग वाचणाऱ्या गेटवर मोजला जातो. म्हणून दोन गेटांमध्ये आडोसा लागतो, रीडरची ताकद कमी करावी लागते आणि आलेलं वाचन अपेक्षित यादीशी ताडून घ्यावं लागतं.

भारतात यासाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आहे. अमेरिकेसाठी बनवलेला, ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालणारा रीडर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

८. रेशो पॅक पाठवावा की सुटे पीस?

पहिल्या वाटपाला रेशो पॅक, नंतरच्या भरणीला सुटे. एस-एम-एल-एक्सएल १:२:२:१ असा सहा नगांचा सेट एका स्कॅनमध्ये जातो. नवा माल तर रॅकवर न चढवता डॉकवरूनच दुकानाच्या गाडीत टाकता येतो.

गडबड दोन ठिकाणी होते. पॅकचा बारकोड सिस्टिममध्ये सहा सुट्या प्रकारांना जोडलेला नसतो, मग दुकानाच्या स्टॉकमध्ये '१ नग' चढतो. दुसरं म्हणजे घाईत कोणीतरी पॅक फोडून एक एल काढतो आणि पॅक फोडल्याची नोंद करत नाही. पॅक फोडणं हा स्वतंत्र व्यवहार आहे. त्याला स्कॅन हवाच.

सगळ्या दुकानांना एकच रेशो देऊ नका. दादरच्या दुकानात कुठली साईज आधी तुटते आणि वांद्र्याच्या दुकानात कुठली, हे मागच्या दोन सीझनच्या विक्रीतून निघतं. विक्री बघताना ज्या दिवशी साईज शिल्लकच नव्हती ते दिवस वगळा, नाहीतर 'एक्सएल खपत नाही' असा उलटा निष्कर्ष निघेल.

९. भिवंडीत गाळा घेताना काय पाहावं?

मुंबईत जकात होती तोवर हद्दीबाहेर माल ठेवण्यात पैसे वाचत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. तरी जागेचं भाडं, नाशिक महामार्ग आणि न्हावा-शेवा बंदराकडचा रस्ता यामुळे माणकोली, अंजूर फाटा, काल्हेर, पूर्णा, दापोडे, पडघा या पट्ट्यातली मागणी टिकून आहे.

भाव करण्याआधी पाहा: डॉक सुमारे १.२ मीटर उंच आहे का, म्हणजे गाडीच्या फळीला फळी भिडेल. आतली उंची छताच्या टोकाशी नको, तुळईच्या खाली मोजा. साध्या स्प्रिंकलरखाली (आग लागल्यावर छतातून पाणी फवारणारी तोटी) ४५० मिमी आणि ईएसएफआर, म्हणजे आग सुरुवातीलाच दाबणाऱ्या प्रकाराच्या स्प्रिंकलरखाली ९०० मिमी मोकळं सोडावं लागतं. तेवढी उंची हिशोबातून गेलीच. फरशीला भेगा असतील तर रीच ट्रकचा (उंच रॅकवर माल चढवणाऱ्या गाडीचा) मास्ट, म्हणजे उभा खांब, वर गेल्यावर डोलतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत लागतं. मालकाकडे मागचं मागा. आणि गोदामाचा पत्ता जीएसटी नोंदणीत व्यवसायाचं अतिरिक्त ठिकाण म्हणून चढवल्याशिवाय माल उतरवू नका.

पाण्याबद्दल दलालाला विचारू नका, शेजारच्या गाळ्यातल्या वॉचमनला विचारा.

१०. पावसाळ्यात माल खराब होतो. काय करायचं?

कामवारी नदी किंवा खाडीलगतचा सखल भाग असेल तर रॅकचा पहिला मजला जुलै-ऑगस्टमध्ये रिकामा ठेवा किंवा तिथे फक्त हँगर, पिशव्या ठेवा. पूर आला नाही तरी दमट हवा पुरते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की सुती आणि रेयॉन कपड्यांवर बुरशी धरते.

खोके भिंतीपासून दीड-दोन फूट आणि फरशीपासून पॅलेटएवढे वर ठेवा. ओलसर हवेत पुठ्ठ्याची ताकद घटते; उन्हाळ्यात पाच थर पेलणारी रास पावसात खालून बसते, म्हणून थर कमी करा. हवाबंद पॉलीबॅग म्हणजे आतला दमटपणा कोंडून ठेवणं. बारीक भोकं असलेली पिशवी घ्या. सिलिका जेलची पुडी चामड्याच्या पट्ट्यांत आणि जॅकेटात उपयोगी, पण खोका उघडा राहिला तर ती दोन दिवसांत भरून निकामी होते. पावसात आलेला ओला खोका रॅकवर चढवू नका. बाजूला काढा, उघडा, गडद आणि फिके कपडे लगेच वेगळे करा, कारण रंग लागला की तो पीस गेलाच.

११. कन्व्हेयर बसवल्यावर माथाडी कामगारांचं काय? लेव्ही भरावीच लागते का?

१९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल कायद्याखाली माल चढवणं, उतरवणं, थप्पी लावणं, वाहून नेणं ही कामं येतात. जिथे तो लागू आहे तिथे मालकाची आणि कामगारांची संबंधित मंडळाकडे नोंदणी होते, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (मजुरीवर टक्केवारीने द्यायची जादा रक्कम) मंडळात भरायची आणि मंडळ कामगारांना देतं. मशीन आणलं म्हणून हे आपोआप सुटत नाही. आतलं पिकिंग (रॅकवरून माल उचलणं) आणि पॅकिंग कशात मोडतं यावर वाद होतात. आपल्या भागाच्या मंडळाकडून लेखी खुलासा घ्या.

व्यवहारात महत्त्वाचं असं की टोळीचा दर बहुधा नगावर ठरलेला असतो. डॉकवर टेलिस्कोपिक (गाडीच्या आतपर्यंत लांबणारा) कन्व्हेयर आला की श्रम घटतात आणि दराचा प्रश्न उभा राहतो. मशीन उतरवायच्या दिवशी ही चर्चा काढली तर मशीन गाडीतच राहतं. मुकादमाशी दोन महिने आधी बसा आणि खोक्याचं वजन १५ ते १८ किलोंत ठेवा. काम न करताच गाडीवाल्याकडून मागितली जाणारी वराई ही वेगळी गोष्ट. तिला या कायद्याचा आधार नाही.

१२. भिवंडीहून आपल्याच मुंबईच्या दुकानाला माल पाठवताना ई-वे बिल लागतं का?

एकाच जीएसटी क्रमांकाखाली, राज्याच्या आत माल हलत असेल तर विक्री होत नाही; डिलिव्हरी चलान पुरतं. पण ई-वे बिल, म्हणजे माल हलवण्याआधी जीएसटी पोर्टलवर काढायचा कागद, विक्रीसाठीच असतं हा गैरसमज आहे. महाराष्ट्राच्या आत एका खेपेची किंमत १ लाख रुपयांच्या वर गेली की ते लागतं. तिरुपूर, सुरतहून येणाऱ्या मालाला मर्यादा ५०,००० रुपयांची.

अपवाद: राज्यातल्या राज्यात ५० किमीच्या आत जॉबवर्कसाठी (दुसऱ्याकडून करून घ्यायच्या कामासाठी) जाणारं सूत, कापड आणि तयार कपडे यांना महाराष्ट्रात किंमत कितीही असली तरी सूट आहे. धुलाई किंवा बटण-काजासाठी जाणारा माल यात बसतो. दुकानाला जाणारा नाही.

वैधता २०० किमीला एक दिवस, आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. वाटेत टेम्पो बदलला तर ई-वे बिलाच्या भाग 'ब' मधला गाडी नंबर बदला. चूक झाली तर २४ तासांत रद्द करता येतं.

१३. दुकानांपर्यंत कुठल्या गाडीने आणि कधी पाठवावं?

६०×४०×४० सेंमीचा खोका ०.०९६ घनमीटरचा. १४ फुटी गाडीचा हौदा १४×६×६ फूट धरला तर सुमारे १४.३ घनमीटर, ८५ टक्के भरला तर सुमारे १२५ खोके बसतात. कपड्यांमध्ये गाडी आधी भरते, वजन नंतर. लिंकिंग रोडच्या मागच्या गल्लीत मात्र छोटा हत्तीच जाईल.

गर्दीच्या तासांत शहरात अवजड गाड्यांना बंदी असते आणि वेळा वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेने बदलतात, म्हणून त्या कागदावर चिकटवून ठेवू नका, दर महिन्याला तपासा. मॉलमध्ये बहुतेक ठिकाणी उतरवायची वेळ आधी घ्यावी लागते आणि मालाची लिफ्ट एकच असते. गाडी उलट क्रमाने भरा: शेवटचं दुकान आत, पहिलं दाराशी. सॉफ्टवेअर हे सुचवतं, पण भरताना स्कॅनची सक्ती नसेल तर टोळी हाताला लागेल तसं भरते.

१४. रिटर्न माल गोदामात साचतो. तो लवकर कसा फिरवायचा?

आलेला पीस तपासणी होईपर्यंत सिस्टिममध्ये 'अडवलेला' ठेवा, नाहीतर तो ऑनलाइन परत विकला जातो आणि हातात निघतो मेकअपचा डाग लागलेला. टेबलावर क्रम असा: बारकोड स्कॅन, पीस तोच आहे का हे डिझाइन आणि आतल्या साईज-लेबलवरून पाहणं, कॉलर, काखा आणि बाह्यांच्या कडा उजेडात तपासणं, वास, मग दर्जा. 'ए' सरळ रॅकवर. 'बी' ला वाफेची इस्त्री, नवी पिशवी, नवा टॅग. 'सी' वेगळ्या कुलपात.

सगळ्यात फसवा प्रकार टॅग बदलल्याचा: टॅग नव्या शर्टाचा, शर्ट जुना. फक्त टॅग स्कॅन करून पुढे ढकलणाऱ्या टेबलावरून हे बिनधास्त पार होतं. रिटर्नसाठी ४८ तासांची मुदत ठेवा. सीझनचा माल महिनाभर पडला तर तो सेलमध्येच जाणार. कराबाबत पुढचा प्रश्न पाहा.

१५. जीएसटीचे दर बदलले. जुना स्टॉक, सेलची किंमत आणि रिटर्न यांचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के आणि वर १८ टक्के. ही मर्यादा कर सोडून असलेल्या विक्री किमतीवर आहे. म्हणजे ५ टक्के धरून ग्राहकाला २,६२५ रुपयांपर्यंत. २,९९९ एमआरपीचा शर्ट सेलमध्ये २,४९९ ला विकला तर ५ टक्के लागतात, म्हणून दर आयटम मास्टरमध्ये कायमचा न ठोकता बिलाच्या क्षणी ठरला पाहिजे. जुन्या बिलावरचा रिटर्न आला तर क्रेडिट नोटला त्या बिलाचाच दर.

एकाच बारकोडवर दोन एमआरपींचा माल असेल तर डब्ल्यूएमएसमध्ये एमआरपीनुसार बॅच वेगळी करा आणि एका खणात दोन बॅच ठेवू नका. पिकिंग करणारा माणूस किंमत वाचत नाही, पत्ता वाचतो.

१६. खोक्याचं वजन करून चूक पकडता येते ना?

कमी-जास्त नग पकडता येतात, साईजची अदलाबदल नाही. टी-शर्ट साधारण १६० ते २०० ग्रॅमचा; चाळीसच्या खोक्यात एक कमी पडला तर काटा सांगतो. एम ऐवजी एल गेला तर फरक दहा ग्रॅमच्या आसपास, आणि पावसाळ्यात नुसता पुठ्ठा त्याहून जास्त पाणी पितो.

१७. हँगरवरचा माल, साड्या, शेरवानी हे सगळं एकाच लाईनवर चालेल?

सूट आणि शेरवानी हँगरवरच ठेवा. त्यांना वेगळी पाईप-रॅक किंवा वरून लटकत जाणाऱ्या पिशव्यांचा सॉर्टर लागतो. खोक्यात घालून वाचवलेलं भाडं दुकानातल्या इस्त्रीवर जातं. डब्यातली साडी क्रॉसबेल्टवर चालते, सुटी नाही. भरजरी साडीची घडी काही महिन्यांनी बदलावी लागते, नाहीतर घडीवर जर चिरते. त्याची आठवण सॉफ्टवेअरमध्येच लावून ठेवा.

१८. वीज किंवा सर्व्हर गेला तर गोदाम ठप्प होईल का?

होईल, जर तयारी नसेल तर. जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद जातात. तेवढ्यात सॉर्टरच्या पट्ट्यावरच्या मालाचा माग हरवतो. कंट्रोल पॅनेल, सर्व्हर आणि वायफायला यूपीएस द्या, मोटरना नाही. वीज आल्यावर पट्ट्यावरचा सगळा माल उतरवून पुन्हा पहिल्यापासून सोडा. महत्त्वाच्या दुकानांची पिकिंग यादी रोज सकाळी एकदा छापून ठेवा.

१९. पितृपंधरवड्यात दुकानं ओस असतात. नवी यंत्रणा तेव्हाच सुरू करू का?

अजिबात नको. दुकानं ओस असतात तेव्हा गोदाम दसरा-दिवाळीच्या मालाने तुडुंब भरलेलं असतं. फेब्रुवारी बरा: जानेवारीच्या सेलचे रिटर्न बहुतेक आवरलेले असतात आणि गुढीपाडव्याला अवकाश असतो. एकाच आठवड्यात सगळी दुकानं नव्या यंत्रणेवर नेऊ नका. आधी जवळची चार-पाच, ज्यांचा मॅनेजर खोका उघडून खरंच मोजतो अशी निवडा. त्यांच्या तफावतीच्या याद्या दोन आठवडे स्वच्छ आल्या की पुढची घ्या. गणपतीपासून दिवाळीपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये एकही बदल करू देऊ नका, विक्रेता 'छोटासाच अपडेट आहे' म्हणाला तरी.